वाघ म्हणा, वाघोबा म्हणा!

‘वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो.’ शाळेत ही म्हण वाक्यात वापरली, मार्क मिळवले, विषय संपला. पण २५ जानेवारी २०१९ला ती म्हण थेट गंगापूर रोडवर अवतरली. सावरकरनगरात बिबट्या शिरला होता!

मी तेव्हा मास कॉमची स्टुडंट. लेक्चर बंक केलं, स्कूटी काढली आणि तडक स्पॉटवर. बघते तर काय, अर्धं नाशिक हजर! गच्चीवर, कंपाऊंडवर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बिबट्या सैरावैरा पळतोय आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. त्या गडबडीत नगरसेवक, पत्रकार जखमी झाले. शेवटी वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडलं. माझ्या मोबाइलमध्ये आला तो फक्त एक पिवळा ठिपका.

रात्री मोठ्या थाटात मामांना फोन केला. मामांची निफाड तालुक्यात ऊस-द्राक्षांची शेती. ते एवढंच म्हणाले, ‘‘तो घाबरून पळत होता गं. तुम्ही कशाला पळत होता?’’

उत्तर नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय.

आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे जा. आपण वसुबारसेला दिवाळीचा पहिला दिवा लावतो, त्याच दिवशी तिथले आदिवासी वाघबारस करतात. शेंदूर लावलेल्या वाघदेवाला नैवेद्य दाखवायचा आणि मागणं मागायचं, आमची गुरं राख, आम्हाला राख. भीती आहेच, पण तिच्यासोबत मानही आहे.

मग इंग्रज आले आणि वाघाच्या डोक्यावर बक्षीस लागलं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढायचा, ही तेव्हाची स्टाइल! १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प. व्हिलन होता तो हीरो झाला. आज आपण ताडोबात जिप्सी बुक करतो, टी-शर्टवर वाघ मिरवतो.

पण बॉस, ताडोबाचा वाघ आपल्या अंगणात येत नाही. नाशिकचा ‘वाघ’ म्हणजे बिबट्या. गावाकडे त्याला सरळ वाघच म्हणतात. कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला. वर्षभर उभा असणारा ऊस म्हणजे बिबट्याच्या मादीला मस्त घर. पिल्लं तिथेच होतात आणि खायला कुत्री, शेळ्या आहेतच.

‘‘मग पिंजरा लावा ना!’’ हे आपलं ठरलेलं सोल्युशन. जुन्नरमध्ये २००१नंतर तेच केलं. चाळीसहून जास्त बिबटे पकडून लांब नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय यांनी हे अभ्यासून दाखवलं. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या बिथरतो आणि रिकाम्या जागी दुसरा येतो. त्यांच्या कॉलर लावलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला माळशेज घाटात सोडलं होतं. तो चालत चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कला पोचला! त्याच्यावर २०१४मध्ये ‘आजोबा’ हा मराठी सिनेमाही आला.

मागच्या दिवाळीत मामांकडे गेले. दारात मोती नव्हता. ‘‘नेला,’’ मामी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मी पटकन म्हणाले, ‘‘मामा, एवढं होऊनही तुम्हाला राग येत नाही?’’

‘‘येतो ना! रात्री लाइट येते, तेव्हाच पाणी भरावं लागतं. उसात पाय टाकताना पोटात गोळा येतो. शहरातल्यांनी सांगायचं, वाघ वाचवा. दिवसा लाइट द्या म्हणून कोण सांगणार?’’

त्या रात्री मी त्यांच्यासोबत शेतावर गेले. बॅटरी, काठी आणि मोबाइलवर फुल व्हॉल्यूममध्ये गाणी. आपण आलोय हे त्याला कळलं पाहिजे, म्हणून. पोरांना अंधार पडल्यावर एकटं सोडायचं नाही, शेळ्या बंद गोठ्यात बांधायच्या, हे नियम घरात सगळ्यांना पाठ.

म्हण खरीच आहे. वाघोबा म्हटल्याने त्याचं पोट भरत नाही. पण वाघोबा म्हणणारा माणूस त्याच्या मागे मोबाइल घेऊन पळत नाही, एवढा फरक नक्की पडतो.

आता कॉलनीत बिबट्याची बातमी आली तर? मी दार लावून घरात बसणार. तुम्हीही बसा!