मैलाला एक माणूस

गणपतीच्या आधीचे दिवस असतात. पेण गावातल्या कारखान्यातून मूर्ती भरलेला टेम्पो मुंबईला निघतो. मूर्तींच्या मधल्या फटींत पेंढा कोंबलेला, मागे दोन पोरे हात लावून बसलेली. गल्लीतून बाजाराच्या रस्त्याला आणि तिथून रामवाडीला महामार्गावर येईपर्यंत ड्रायव्हर जीव मुठीत धरून गाडी हाकतो. एका खड्ड्यात चाक आपटले, की बाप्पाचे बोट किंवा सोंडेचे टोक गेलेच म्हणून समजा. मग पोरे चिडून विचारतात, ‘अरे, हा रस्ता आहे तरी कुणाचा?’

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सोपे नाही. गल्ली नगरपरिषदेची. गावाची हद्द सोडली की कुठे सार्वजनिक बांधकाम खाते, कुठे जिल्हा परिषद. रामवाडीजवळून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले आणि दशक उलटले तरी रेंगाळले, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. खड्डा मात्र कुणाचीच हद्द पाळत नाही.

जितके मालक, तितक्या तिजोऱ्या. आपण पेट्रोल भरतो तेव्हा रस्त्यासाठी पैसे मोजतो. या पद्धतीचे मूळ एका मराठी माणसाच्या अहवालात आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार 1929 साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. 2000 साली त्याला कायद्याचा नवा आधार मिळाला. पण हा पैसा मुख्यतः महामार्ग, राज्यांचे रस्ते, खेड्यांचे रस्ते आणि रेल्वे फाटके यांच्या वाट्याला जातो. आपल्या दारापुढच्या गल्लीची भिस्त घरपट्टीवर आणि राज्याच्या व वित्त आयोगाच्या अनुदानावर. पूर्वी नगरपरिषदांना जकातीचे हक्काचे उत्पन्न होते, ते 1999 साली गेले. त्याच्या बदल्यात मिळणारे सहायक अनुदान बरेचसे पगारात संपते.

त्यातही गंमत अशी, की नव्या रस्त्यासाठी योजना असतात, नारळ फुटतो, फलक लागतो. गटार उपसण्यासाठी कुणी नारळ फोडत नाही! आणि कोकणात रस्त्याचा खरा वैरी असतो तो साचलेले पाणी. डांबराच्या बारीक भेगेतून पाणी आत शिरते, खालची खडी सैल होते, वरून चाक दाबते आणि थर उखडतो. भर पावसात गरम डांबराचे काम करता येत नाही, म्हणून मुरूम, खडी किंवा पेव्हर ब्लॉक टाकून वेळ मारून न्यावी लागते. पुढच्या मोठ्या सरीत तेही वाहून जाते.

साठी ओलांडलेल्या वाचकांना मैलकुली आठवत असेल. फावडे, घमेले, डोक्यावर इरले आणि वाट्याला आलेला रस्ता. पावसाआधी कडेची गटारे मोकळी करायची, कडेचे गवत कापायचे, भेग दिसली की घमेलाभर खडी-डांबर टाकून बुजवायची. वर देखरेखीला मुकादम. 1967 सालच्या कालेलकर निवाड्याने सलग पाच वर्षे रोजंदारी केलेल्या अशा मजुरांना कायमपणाची वाट मिळाली. पुढे माणसे निवृत्त होत गेली, त्यांच्या जागा भरणे मागे पडले आणि काम ठेकेदाराकडे गेले.

ठेक्याच्या रस्त्याला दोषदायित्व काळ असतो. तेवढी वर्षे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची. कागदावर ही सोय उत्तम आहे. पण तो काळ सरला, की अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश. जूनमध्ये घमेल्यात मावणारा खड्डा हे कागद फिरेपर्यंत ट्रकभर खडी मागू लागतो. छोट्या गावात तर पाणीपुरवठा, इमारती आणि रस्ते या साऱ्यांमागे तेच एक-दोन अभियंते धावत असतात. रस्त्यावरून रोज चालत जाऊन पाहणारे कुणी उरत नाही.

या दुर्लक्षाचा हिशेब केवळ मोडक्या मूर्तींचा नाही, माणसांच्या जिवाचा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ‘रस्ता आमचा नाही’ असे म्हणून हात झटकणे आता महाग पडेल, ही त्यातली जमेची बाजू. पण भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. त्या रकमेत एक मैलकुली कितीतरी महिने पोसता आला असता, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

घरात आपण पावसाआधी कौले चाळतो, गळके पत्रे बदलतो. पहिल्या गळतीची वाट पाहात कुणी बसत नाही. तीच रीत रस्त्याला लावायची. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा आपल्या नगरसेवकाला दोनच गोष्टी विचारा: नव्या रस्त्यांच्या शेजारी देखभालीची रक्कम किती, आणि आमच्या रस्त्यावर नेमलेला माणूस कोण? दुसऱ्या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळेल, त्या वर्षी पेणहून निघालेला टेम्पो रामवाडी सुखरूप ओलांडील.