बांगड्यातली चरबी कशी मोजतात?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजारात येणाऱ्या बांगडा आणि तारलीतील चरबीचे प्रमाण ऋतू, वय आणि अंडी धरण्याच्या काळानुसार बदलते. ते मोजताना मासा साफ करून काटे काढतात, मांस बारीक वाटतात आणि सुमारे 105 अंश सेल्सियसला वाळवतात. ओलावा राहिला तर चरबी विरघळवणारे पेट्रोलियम ईथर आतपर्यंत पोचत नाही.

फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी 1879 मध्ये वर्णन केलेल्या उपकरणात ही भुकटी कागदी नळीत ठेवतात. चंबूत उकळणाऱ्या ईथरची वाफ वर थंड होऊन भुकटीवर ठिबकते. कप्पा भरला की वक्रनलिकेतून द्रव चरबीसह खाली उतरतो. काही तासांनी ईथर उडवून उरलेली चरबी तोलतात. समजा, 5 ग्रॅम भुकटीतून 0.6 ग्रॅम चरबी निघाली, तर प्रमाण 12 टक्के. ताज्या मांसात 75 टक्के पाणी असेल, तर चरबीचे प्रमाण 3 टक्के भरते.

या पद्धतीने फॉस्फोलिपिडे (फॉस्फेटयुक्त मेद) पूर्ण निघत नाहीत. त्यासाठी ब्लाय आणि डायर यांची 1959 ची क्लोरोफॉर्म-मिथेनॉल पद्धत ओल्या मांसावरच वापरतात. पुढे मेदाम्लांची मिथिल एस्टरे करून गॅस क्रोमॅटोग्राफीने ओमेगा-3 मेदाम्ले मोजतात. ती हवेने लवकर खराब होतात, म्हणून नमुना बर्फात आणि हवाबंद ठेवणे फार महत्त्वाचे आहे.