‘ऑपरेशनच्या आधी चार आठवडे’: हा आकडा आला कुठून?

ब्रेस्ट लिफ्टच्या ऑपरेशनची तारीख ठरली की तयारीच्या सूचनांचा एक कागद हातात पडतो. त्यात एक ओळ हमखास असते: किमान चार आठवडे आधी धूम्रपान बंद. आज आपण ही एकच ओळ घेऊन बसू. रिसर्चला येणार असाल तर अशी सूचना वाचताना डोक्यात लगेच यायला हवं, की हा आकडा कुणी काढला, कुणावर काढला आणि नेमकं काय मोजून काढला?

आधी ऑपरेशन समजून घ्या. डॉक्टरी भाषेत मास्टोपेक्सी, म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलणं. वय, बाळंतपणं, वजन एकदम उतरणं यामुळे त्वचा सैल पडते. सर्जन जादा त्वचा काढतात, आतल्या भागाला आकार देतात आणि स्तनाग्र वर आणतात. (अंगावर पाजल्यामुळे स्तन ओघळतात असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. 2008 मध्ये अमेरिकेतल्या रिंकर आणि सहकाऱ्यांच्या पेपरात वय, बीएमआय, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान यांचा संबंध दिसला. स्तनपानाचा दिसला नाही.)

खरी मेख स्तनाग्रात आहे. ते सहसा पूर्ण सुटं करत नाहीत, खालच्या मांसल पट्ट्याला जोडलेलं ठेवूनच वर सरकवतात. त्याला रक्त मिळतं ते त्या पट्ट्यातूनच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. मग जखम उसवणं, पू होणं आणि क्वचित स्तनाग्राची त्वचा मरणं, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

हे झालं कारण. पण कारण पटलं म्हणून ‘चार आठवडे’ सिद्ध होत नाही. त्यासाठी ट्रायल लागते.

2003 मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’त डेन्मार्कच्या सोरेन्सन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. एकूण 78 निरोगी स्वयंसेवक: 48 धूम्रपान करणारे, 30 कधीच न केलेले. धूम्रपान करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींनी ओढत राहायचं, काहींनी सोडून निकोटिनचा पॅच लावायचा, काहींनी सोडून खोटा पॅच लावायचा. मग ठरावीक आठवड्यांनी प्रत्येकाच्या पाठीच्या खालच्या भागावर छोटी जखम मुद्दाम करून ती कशी भरते ते पाहिलं. धूम्रपान करणाऱ्यांच्या 12 टक्के जखमांमध्ये संसर्ग झाला, कधीच न करणाऱ्यांच्या 2 टक्के. आणि चार आठवडे सोडलेल्यांमध्ये संसर्ग स्पष्टपणे कमी झाला.

म्हणजे ज्या पुराव्यावर आपली ओळ उभी आहे, त्यातल्या या महत्त्वाच्या पेपरात स्तन नाही, स्तनाग्र नाही, मोठं ऑपरेशनही नाही. म्हणून तो टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. सगळ्यांची जखम सारखीच असल्यामुळे फरक धूम्रपानाचाच, असं ठामपणे म्हणता येतं. पण पाठीच्या छोट्या जखमेवरून स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्यावर उडी आपण मारतो आहोत, याचं भान ठेवा. सिनॉप्सिस लिहिताना ही उडी लपवू नका, सरळ लिहून टाका.

आता पॅचकडे बघा. खरा पॅच आणि खोटा पॅच यांत फरक दिसला नाही. लगेच ‘निकोटिन निर्दोष’ असं लिहू नका. गट लहान आहेत. फरक न दिसणं आणि फरक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणूनच अनेक सर्जन पॅच आणि च्युइंगमसुद्धा बंद करायला सांगतात.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथेच येतो. ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बाईला विचारून काय हाती लागणार? 2016-17 च्या गॅट्स पाहणीत भारतातल्या 2 टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या, पण धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या 12.8 टक्के. रोज सकाळी मिश्री लावणारी बाई या प्रश्नाला ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंच असेल. तिच्या दृष्टीने मिश्री म्हणजे दात घासणं. केस पेपरवर ‘नॉन-स्मोकर’ पडणार, निकोटिन मात्र हिरड्यांतून रक्तात जातच राहणार. उद्या तुम्ही त्याच केस पेपरांवरून डेटा काढलात, तर तुमचा ‘तंबाखू न वापरणारा’ गट आधीच भेसळीचा.

काही ठिकाणी ऑपरेशनआधी कोटिनीनची तपासणी करतात. कोटिनीन म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ. तो मिश्रीनेही येतो, पॅचनेही येतो, त्यामुळे स्रोत कळत नाही. शिवाय सोडल्यावर तो काही दिवसांतच उतरतो, म्हणजे चार आठवडे पाळले की चार दिवस, हेही या तपासणीतून कळत नाही.

कागदावरच्या बाकी ओळी, म्हणजे ॲस्पिरिनसारखी औषधं डॉक्टरांना विचारून थांबवणं, वजन स्थिर ठेवणं, वयानुसार मॅमोग्राफी, भुलीआधी उपाशी राहणं, यांच्यामागेही असाच शोध घेता येईल. एकेक ओळ घ्या, मागे जा.

प्रश्नावली बनवणार असाल तर ‘धूम्रपान’ हा शब्द एकटा ठेवू नका. मिश्री, तपकीर, गुटखा, पानातला तंबाखू अशी नावं घेऊन वेगवेगळं विचारा, आणि शेवटचं कधी घेतलं तेही. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर कागदावर विचारलेलं नसलं तरी मिश्रीचं सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना आपणहून सांगायला लावा.