हिरव्या ठिपक्याखाली काय उगवलंय?

उपग्रहाच्या प्रतिमेत वसई तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेलं की झाडोऱ्याचे तीन पट्टे दिसतात. समुद्रालगत अर्नाळा, निर्मळपासून वसई गावापर्यंत नारळ-केळीच्या वाड्या आहेत. मधल्या सखल भागात, वसईची खाडी आणि वैतरणेच्या काठाने, खाजणातली तिवरं आहेत. महामार्गापलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर आहे, 2003 साली अभयारण्य जाहीर झालेला, सुमारे 85 चौरस किलोमीटरचा. संवेदक झाडाच्या पानांवरून परतणारी अवरक्त किरणं टिपतो, म्हणून या प्रतिमांमध्ये झाडोरा लाल रंगात दाखवण्याची पद्धत आहे. त्या लाल रंगात माणसाने लावलेली नारळाची वाडी, भरतीच्या खाऱ्या पाण्यावर जगणारं तिवर आणि डोंगरावरचा साग यांचा फरक फार थोडा उरतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची व्याख्याही हा फरक करत नाही. किमान एक हेक्टर जागा आणि किमान दहा टक्के छत्र असलं की मालक कोणीही असो, झाड कोणतंही असो, ते वनाच्छादन ठरतं. देशभराचा दर दोन वर्षांचा अंदाज काढायला ही व्याख्या उपयोगाची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र वसई-विरारमधल्या सरकारी जमिनीवर काय राखायचं हे ठरवताना केवळ घनतेचा नकाशा पुरत नाही, तो दिशाभूल करतो. तिथे झाडोऱ्याचा प्रकार सांगणारा आणि जमिनीवर पायी जाऊन तपासलेला नकाशाच हवा.

याचं सर्वांत ठळक कारण खाजणात दिसतं. तिवरांच्या कडेला मातीचा बांध घातला की भरतीचं पाणी अडतं. आतलं पाणी साचून राहतं, श्वसनमुळं बुडालेली राहतात आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. त्यावर डेब्रिसचा भराव पडतो. पुढच्या पावसाळ्यात त्या भरावावर टाकळा आणि एरंड माजतात, मग सुबाभूळ येते. आकाशातून पाहणाऱ्याला ती जागा आधीही हिरवी होती आणि आताही हिरवीच आहे. घनतेच्या तक्त्यात तिवरांचा तो तुकडा गेल्याची नोंद होईलच असं नाही. जमिनीवर उभं राहिलं तर मात्र शंका उरत नाही. खेकड्यांची बिळं बुजलेली असतात, तिवरांचे काळे खुंट उभे असतात, पाण्याची वाट बंद झालेली असते आणि उगवलेल्या झाडांपैकी एकही खाऱ्या चिखलातलं नसतं. हे पुरावे नोंदवण्यात ओहोटीची एक वेळ जाते. ती दिली नाही तर गेलेलं खाजण कागदावर जिवंतच राहतं.

डोंगरावर वेगळी अडचण येते. भारतातल्या वनप्रकारांची आजही वापरली जाणारी मांडणी चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 मध्ये केली. तिच्यात 16 मुख्य गट आहेत. तुंगारेश्वरचा बराचसा भाग तिच्या आर्द्र पानगळीच्या गटात बसतो, तर खाडीतली तिवरं दलदलीच्या गटात जातात. पानगळीचं जंगल एकाच प्रतिमेवरून ओळखता येत नाही. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून प्रतिमा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेतात. तेव्हा सगळंच भरलेलं असतं. एप्रिलची प्रतिमा शेजारी ठेवली की खरा उलगडा होतो. साग, काटेसावर, पळस यांनी पानं टाकलेली असतात आणि ओढ्यांच्या काठाने जांभूळ, करंज, आंबा, उंबर यांच्या हिरव्या रेषा तेवढ्या उरतात. या रेषा रुंदीला फार कमी असतात. वन सर्वेक्षणाचा नकाशा ज्या प्रतिमांवर उभा राहिला त्यांचा एक चौकोन साधारण साडेतेवीस मीटरचा. ओढ्याकाठची झाडांची ओळ त्यात शेजारच्या सागात मिसळून जाते. उन्हाळ्यातलं पाणी आणि सावली याच ओळीत असते, त्यामुळे रानातल्या प्राण्यांच्या लेखी डोंगराचा सर्वांत मोलाचा भाग हाच असतो. कारवीचंही असंच. ती आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते आणि बी धरून मरते. शेजारच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2016 मध्ये फुलली आणि नंतर 2024 मध्ये. फुलोऱ्यानंतरच्या वर्षी काढलेल्या प्रतिमेत कारवीचे उतार उजाड दिसले, तर नकाशा करणारा त्याला ऱ्हास म्हणेल. कारवी ओळखणारा माणूस तो तिचा जीवनक्रम आहे हे जाणतो.

प्रत्यक्ष पडताळणीचं काम दिसायला साधं, करायला चिकाटीचं. नकाशावर आधी नमुन्याच्या जागा ठरवायच्या, त्याही सोयीच्या वाटेलगतच्या न निवडता विखुरलेल्या. जीपीएसने तिथे पोचायचं, दोरीने चौरस आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि छातीच्या उंचीवरचा, म्हणजे 1.37 मीटरवरचा, घेर लिहायचा. छत्र किती, खाली रोपं कोणती, तोड किंवा वणव्याच्या खुणा आहेत का, हेही लिहायचं. खाजणात हे सारं ओहोटीच्या हिशेबाने. प्रतिमाही कोणत्या पाण्याची हे पाहावं लागतं, कारण उधाणाच्या भरतीत बुटकी तिवरं बुडतात आणि पाणी अवरक्त किरणं शोषून घेत असल्यामुळे तो पट्टा विरळ भासतो. मग घरी बसून केलेला अंदाज आणि जागेवरची नोंद यांचा ताळा मांडायचा. किती ठिकाणी जुळलं, किती ठिकाणी चुकलं, कोणत्या प्रकाराची कोणत्या प्रकाराशी गल्लत झाली. हा ताळा ज्या नकाशासोबत दिलेला नाही, त्यावर विश्वास ठेवायला आधार नसतो.

आकडेही हेच सांगतात. वन सर्वेक्षणाच्या 2015 च्या अहवालात महाराष्ट्रातली तिवरं 222 चौरस किलोमीटर होती, 2017 च्या अहवालात 304. अहवालाने लागवड आणि नैसर्गिक वाढ ही कारणं दिली. महाराष्ट्राने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला आणि लागवड झाली, हे खरंच. तरी 82 चौरस किलोमीटर तिवरं दोन वर्षांत रुजून उपग्रहाला दिसण्याइतकी दाटावीत हे मला पटत नाही. बरीचशी आधीपासून उभी असणार, फक्त वाचली गेली नसणार. मग उलट बाजूने, अहवालात घट दिसली नाही म्हणून प्रत्यक्षात काही गेलं नाही, असंही म्हणता येणार नाही.

हा प्रश्न निव्वळ वनस्पतिशास्त्राचा असता तर एवढा आग्रह धरला नसता. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या अंतरिम आदेशाने आणि 2018 च्या अंतिम निकालाने तिवरांची तोड आणि त्यांच्याभोवती 50 मीटरच्या आतलं बांधकाम रोखलं. मालकी कोणाची, हा मुद्दाच ठेवला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात वन हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायला सांगितला, तोही मालकी न पाहता. म्हणजे संरक्षण मिळतं ते जागेवर जे उगवलं आहे त्याला. सातबाऱ्यावर मात्र खार, वरकस, गुरचरण, पोटखराबा असे शेरे असतात आणि त्यांतून आज तिथे काय उभं आहे ते कळत नाही. हा दुवा जोडण्याचं काम झाडोऱ्याच्या नकाशालाच करावं लागतं.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. आता दहा मीटरच्या प्रतिमा फुकट मिळतात, ड्रोन आहेत, पायपीट कशाला? प्रतिमा सुधारल्याने कडा नेमक्या येतात, हे मान्य. पण संगणकाला कोणता रंग म्हणजे कोणतं झाड हे आधी कोणीतरी जागेवरून शिकवावं लागतं, आणि ते शिकवणं चुकलं तर चूक हजारो चौकोनांत एकसारखी पसरते. शिवाय वसई एक तालुका आहे. त्यातली सरकारी खाजणं आणि डोंगर मिळून काम आवाक्याबाहेरचं नाही. वनरक्षकांना आपलं बीट पाठ असतं आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी परिसरात आहेत.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वनाचे नकाशे इथल्या आदिवासींच्या विरोधात वापरले गेले आहेत. 1878 च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, पालापाचोळा आणणं आणि दळीची, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती, शेती करणं यांवर बंधनं आली. तक्रारी इतक्या वाढल्या की चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांच्या मनात नकाशाबद्दल भीती असेल तर ती अनुभवातून आलेली आहे. पण वरून काढलेल्या घनतेच्या नकाशात माणूस दिसतच नाही, म्हणून तोच जास्त घातक ठरतो. पायी केलेल्या नोंदीत मोहाच्या झाडाखालची झाडलेली जागा आणि राबाचा दळा येतात, सरपणाची वाटही येते. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांना अशा नोंदींचा आधार मिळू शकतो. त्यासाठी पाड्यावरची माणसं नोंदीच्या वेळी सोबत हवीत आणि नोंदींची प्रत ग्रामसभेकडे राहायला हवी.

झाडोरा बदलत राहतो, बंद पडलेल्या मिठागरात काही वर्षांत तिवरं शिरतात, मग नकाशा जुना होणारच, असंही म्हटलं जाईल. म्हणून तर प्रत्येक नोंदीवर तारीख हवी. तीच तारीख उद्या न्यायालयात भराव आधी पडला की नंतर हे सांगेल.

वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा 2001 ते 2021 या काळाचा होता. महापालिका, महसूल आणि वन विभागाने पुढच्या आराखड्यातली एकही आरक्षणाची रेषा सरकारी जमिनीवर ओढण्याआधी त्या जमिनीचा गट क्रमांकानुसार तपासलेला झाडोऱ्याचा नकाशा, नमुन्याच्या जागा आणि चुकांचा ताळा यांसह, मराठीत जाहीर करावा. हरकतींची मुदत सुरू झाली की नागरिकांनी पहिली मागणी त्याच नकाशाची करावी.