‘हाय’वर टाकला की बिबट्या सुटत नाही?

सुरत जिल्ह्यातल्या मांडवी, मांगरोळ, उमरपाडा पट्ट्यात बिबट्या उसाच्या फडात मुक्काम करतो, यात आता नवल राहिलेलं नाही. २०२३च्या गणनेत गुजरातेत २,२७४ बिबटे निघाले. बांधावर ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर काही सरकलं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, लावायचा म्हटलं की सल्ला मात्र ठरलेला: सेन्सिटिव्हिटी ‘हाय’वर टाका, काही सुटणार नाही.

सुटतं. आणि नेमका बिबट्याच सुटतो.

या कॅमेऱ्याचा सेन्सर प्राणी ओळखत नाही, नुसती हालचालही नाही. समोरच्या टापूत मागच्या पार्श्वभूमीपेक्षा कमी-जास्त उष्ण काही सरकलं, एवढंच त्याला कळतं. उन्हाने तापलेली उसाची पाती वाऱ्यावर डोलली तरी त्याच्या लेखी जनावरच गेलं. ‘हाय’वरचा कॅमेरा मग दुपारभर पाती टिपत बसतो, कार्ड भरतं, सेल उतरतात, आणि रात्री बिबट्या येतो तेव्हा पेटी बंद. म्हणून आधी विळा घ्या, समोरची पाती छाटा, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवा आणि ‘मिडियम’ने सुरुवात करा. थंडीच्या रात्री तेवढं पुरतं. मे महिन्यात मात्र जमीन जनावराच्या अंगाइतकी तापते, फरकच उरत नाही. ‘हाय’ची खरी गरज तेव्हा.

जनावरागणिकही हिशेब बदलतो. बिबट्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला तिरका हवा. आडवं जाणारं जनावर सेन्सरला चटकन कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. पण अगदी काटकोनात बांधलात तर फोटोत शेपूटच येते. मुंगूस, ससा हवा असेल तर कॅमेरा जवळ, खाली आणि ‘हाय’वर. नीलगाईला ‘लो’ही चालतं. रानडुकरांच्या कळपासाठी दोन फोटोंमधलं अंतर मिनिटाचं ठेवाल, तर पहिलं डुक्कर दिसेल, मागची पिल्लावळ नाही.

एवढं करूनही कार्डात बिबट्या नसला तर लगेच सेटिंगला शिव्या घालू नका. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटोंत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. म्हणजे तज्ज्ञांनाही वाघ-बिबट्या मिळून साधारण २७० फोटोंमागे एक!

बाकीचे गैरसमज किरकोळ. साप, मगर सेन्सरला सहसा कळत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक वेळाने फोटो घेणारा टाइम-लॅप्स लावा. पावसापासून जपायला पुढे काच बसवू नका. साध्या काचेतून ही उष्णता पार होत नाही, सेन्सर आंधळा होतो. ‘नाइट व्हिजन जनावराला दिसत नाही’ हेही सरसकट खरं नाही. स्वस्त कॅमेऱ्यांचे दिवे लालसर चमकतात.

कॅमेरा नीट टिपतो का, याची चाचणी त्याच्यासमोरून स्वतः रांगत घ्या, पण भर दिवसा आणि सोबत माणूस घेऊन. राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा बांधू नका, आणि फोटोपायी कोंबडी-बकरीचं आमिष तर कुठेच नको.