नख पिवळं पडलं, आता गोळी कोणती?

अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळं पडतं, जाड होतं, खालून भुगा झडायला लागतो. नेलकटर चालेनासा होतो आणि बुटात बोट दाबलं की ठणका लागतो. केमिस्ट लगेच ‘फंगस’ म्हणून ट्यूब काढून देतो. पण अशा बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, नाहीतर घट्ट बुटांचा वर्षानुवर्षांचा मार.

म्हणून आधी तपासणी, तीही औषध सुरू करण्यापूर्वी. नखाखालचा भुगा खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. केराटिन विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसू लागतात. भुगा मात्र आतून, निरोगी नखाच्या हद्दीजवळून घ्यायला हवा; टोकाच्या भुग्यात बुरशी बऱ्याचदा मेलेलीच असते.

गुन्हेगार बहुधा ‘ट्रायकोफायटन रुब्रम’. ही केराटिनवर जगते आणि पुष्कळदा बोटांच्या बेचक्यांतून नखाखाली सरकते. पावसाळ्यात चिखल्या झाल्या की आपण त्या अंगावर काढतो. त्यांत ही बुरशी असेल तर तिला आयती वाट मिळते.

नखावर चोळलेलं मलम त्या जाड थरातून खाली फारसं पोचत नाही. लिंबू-व्हिनेगरचं तर बोलायलाच नको. दुखणं थोडक्यात असेल तर अमोरोल्फिनचं नखावर लावायचं लॅकर चालतं. एरवी डॉक्टर सहसा टर्बिनाफिन देतात: रोज २५० मिलिग्रॅम, १२ आठवडे. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, ते बनवणारं विकर हे औषध अडवतं. यकृताची तक्रार असेल तर ती आधी सांगावी. रक्ततपासणी करून घेतात ती त्यासाठीच.

खरी गंमत पुढे आहे. गोळ्या संपतात तेव्हा नख बरंचसं पिवळंच असतं आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून लोक डॉक्टर बदलतात. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात. खराब झालेला भाग सुधारत नाही, तो पुढे सरकून कापलाच जावा लागतो. तेव्हा टोकाकडे नव्हे, मुळाशी पाहावं. तिथून स्वच्छ नख येत असेल तर औषध लागू पडलंय. तरीही बुरशी पुष्कळांना पुन्हा गाठते, म्हणून मोजे रोज बदलावेत आणि ओले बूट वाळल्याशिवाय घालू नयेत.

मधुमेह्यांनी जाड नख घरी कोरू नये. छोट्या जखमेतून जंतुसंसर्ग पाय धरतो. आणि नखावर काळपट उभी रेघ उमटून रुंद होत असेल, किंवा तो रंग कडेच्या कातडीवर उतरत असेल, तर बुरशीचा विचार बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असू शकतो.