बटाट्याची सुट्टी

प्रेस्क आइल (मेन, अमेरिका) : अमेरिकेच्या ईशान्येकडल्या बहुतेक शाळा सप्टेंबरच्या तोंडावर सुरू होतात. उत्तर मेनमधल्या अरूस्टुक परगण्यात मात्र अनेक शाळा ऑगस्टच्या मध्यालाच भरतात, कारण पुढे महिन्याभरातच त्यांना कुलूप लागायचं असतं. तीन आठवडे ‘हार्वेस्ट ब्रेक’, बटाटे काढायची सुट्टी. ही पद्धत पडली तेव्हा शाळा उघडी ठेवून उपयोगच नव्हता. वर्गात येणार कोण? मुलं शेतात असायची.

१९४०च्या दशकात बटाट्याच्या उत्पादनात मेन हे देशातलं पहिल्या क्रमांकाचं राज्य होतं, आणि पीक जवळजवळ सगळं याच परगण्यातलं. नंतर आयडाहोने बाजी मारली. त्या काळी ट्रॅक्टरमागचं यंत्र बटाटे नुसते उकरून वर टाकायचं, वेचायची माणसं. शेतकऱ्यांची मुलं, गावातली मुलं, हंगामासाठी येणारी मिकमॅक आदिवासी कुटुंबं. अ‍ॅश लाकडाच्या पट्ट्यांची टोपली भरायची आणि पिंपात ओतायची. एका पिंपात १६५ पौंड, म्हणजे ७५ किलो माल मावे. पिंपावर आपल्या नंबरचं तिकीट लावायचं, संध्याकाळी तिकिटं मोजून मजुरी. आज कोणाच्या शेतात काढणी आहे हे पहाटे ‘पोटॅटो पिकर्स स्पेशल’ या कार्यक्रमातून कळायचं. या भागातले म्हातारे या दिवसांबद्दल फार मायेने बोलतात. कंबरडं कसं मोडायचं ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता शेतात पिंप दिसत नाही. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाला मारून टाकतात, म्हणजे जमिनीतल्या बटाट्याची साल पक्की होते. मग विंडरोअर नावाचं यंत्र काही ओळी उकरतं आणि त्यातले बटाटे न खणलेल्या ओळींच्या मधल्या चरात रचून ठेवतं. मागून येणारं हार्वेस्टर आपल्या ओळी खणता खणता हाही माल उचलतं, त्यामुळे एका फेरीत दुप्पट काम होतं. फाळ वरंब्याखाली शिरतो, माती-बटाटे-पाला सगळं गजांच्या फिरत्या साखळीवर चढतं आणि गजांच्या फटींतून माती खाली गळते.

माती गळते, दगड गळत नाहीत. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या या जमिनीत बटाट्याएवढे दगड भरपूर. म्हणून यंत्र आल्यावरही माणसं गेली नाहीत. ती हार्वेस्टरवर चढली आणि पट्ट्यावरून वाहणाऱ्या मालातले दगड-ढेकळं वेचू लागली. पूर्वी बटाटे उचलणारे हात आता बटाटे सोडून बाकी सगळं उचलत होते. त्यावरचा उपाय म्हणजे हवेवर चालणारं हार्वेस्टर. बटाटा पाण्याहून जेमतेम जड, दगड बटाट्याच्या दुपटीहून जड. मोठा पंखा नेमक्या जोराने हवा ओढतो, बटाटे वर उचलले जातात, दगड खाली पडतात. आपल्याकडच्या उफणणीत भूस उडतं आणि धान्य खाली राहतं. इथे उलटं, कामाचं तेच उडतं.

चालकाचं कसब मात्र माती काढण्यात नाही, थोडी राखण्यात आहे. साखळी फार जोरात फिरवली तर माती लगेच गळून जाते आणि उघडे बटाटे गजांवर आदळतात. मार बाहेरून दिसत नाही. काही दिवसांनी साल काढली की आत काळा डाग. म्हणून गजांवर रबर चढवतात, बटाटा वीतभराहून जास्त उंचीवरून पडू देत नाहीत आणि साखळीवर मातीची गादी शक्य तितकी पुढपर्यंत टिकवतात. थंड बटाट्याला डाग लवकर पडतो. त्यामुळे पहाटे दव गोठलेलं असलं तर लाखो डॉलरची यंत्रं बांधावर उभी राहतात. बटाट्याचा गर सुमारे ७ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की मगच इंजिनं सुरू.

अशा यंत्राजवळ मुलांना कोण जाऊ देणार? मजूर म्हणून १६ वर्षांखालच्या मुलाला बटाटे काढायचं यंत्र चालवायला, किंवा चालवायला मदत करायलाही, अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदी आहे. आईवडिलांच्या शेतावर मात्र सूट आहे. साहजिकच काही शाळामंडळांनी ही सुट्टी बंद केली, काहींनी वरच्या वर्गांपुरती ठेवली. बंद करा म्हणणाऱ्यांचं गणित सोपं आहे: मोजकी मुलं शेतात जातात, बाकीच्यांची तीन आठवडे सोय आईबापांनी कुठे लावायची? मला हे पटतं. पण शेतकऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. हार्वेस्टरच्या वेगाने शेजारून ट्रक चालवायला, गोदामाच्या तोंडाशी ढेकळं निवडायला माणसं अजून लागतातच, आणि तीही एवढ्याच दिवसांपुरती. ऑक्टोबर सरता सरता जमीन गोठायला लागते. तोवर जे निघालं नाही ते गेलं.